अमानत नंबर एक्केचाळीस

माझी आणि रामहरीची पहिली भेट उशीच्या अभ्र्यामुळे झाली. हसू नका… खरंच सांगते.

श्रावणातला सोमवार होता. पाथरीत सकाळपासून भुरभुर चालली होती. आमच्या लॉजमधले सतरा पाहुणे पहाटेच चहा पिऊन पोखर्णीच्या नरसिंहाला निघून गेले होते, आणि मी गच्चीवरच्या पत्र्याखाली बसून चादरी नि अभ्रे सोड्याच्या पाण्यात भिजवत होते. एवढ्यात जिना धाडधाड वाजला आणि एक उंच, सावळा मुलगा वर आला. शर्ट भिजलेला, केसांतून पाणी गळतंय, आणि चेहरा असा की आता हा हसेल की रडेल ते सांगता येऊ नये.

“मॅडम, सात नंबरची खोली उघडा जरा. आश्रुबामामाच्या मंडळींची पोत सापडंना झाली.”

मंगळसूत्र हरवलं की पाहुण्यांची नजर आधी कुणाकडे वळते हे मला चांगलं ठाऊक होतं. मी ओले हात ओढणीला पुसले आणि आवाज चढवला.

“आमच्याकडं चोऱ्या होत नाहीत.”

“मी कुठं म्हन्लो चोरी झाली? मी म्हन्लो सापडंना.”

“तुमी कोण?”

“सतरा मान्सं घिऊन आलेली ती गाडी मपली हाय. रामहरी. बोरीचा.” त्यानं कपाळावरचं पाणी निपटलं. “निम्म्या रस्त्यातून माघारी फिरलोय. मामी मागच्या सीटवर रडायलीय, आन बाकीचे सोळा जन मपल्याकडं बघायलेत.”

मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. सात नंबर उघडली. पाहुणे दागिने कुठे कुठे लपवतात याची यादी माझ्याइतकी कुणाकडेच नसेल. गादीखाली, बुटात मोज्याच्या आत, पाण्याच्या तांब्यात, पंख्याच्या बटणाची डबी उघडून तिच्या मागे. एका बाईंनी तर पाटल्या बादलीखाली ठेवल्या होत्या आणि सकाळी बादली उचलायला दुसऱ्याच कुणाला तरी सांगितलं होतं. आम्ही दोघांनी सगळं पालथं घातलं. पलंग उचलायला त्यानं एक बाजू धरली, मी दुसरी. काही नाही.

मग माझ्या लक्षात आलं, उशांना अभ्रे नव्हते. ते मीच काढून वर नेले होते.

मी पळतच गच्चीवर गेले आणि कोपरापर्यंत हात बादलीत घातले. तो शेजारी उकिडवा बसला. पाचव्या अभ्र्याच्या कोपऱ्यात काहीतरी टोचलं… आणि फेसातून काळे मणी वर आले.

“तुमच्या हाताला लागली म्हून सापडली,” तो म्हणाला. “मपल्या डोळ्याला तर नुसता फेसच दिसायला होता.”

मी पोत त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं मूठ मिटली, आणि माझी दोन बोटं, अगदी अर्धा क्षण, आतच राहिली.

खाली काउंटरवर अप्पा बसले होते. अप्पा म्हणजे माझे वडील, ईश्वरअप्पा. लॉज त्यांचं, पाटीवरचं नाव माझ्या आईचं : महादेवी निवास. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “रामहरी, पुढच्या खेपंला मान्सांचं सोनंनाणं उशीत ठिवू देऊ नका. आपल्याकडं अमानतीचं कपाट हाय. महेश्वरी बघती ते.”

अशी माझी ओळख करून दिली गेली. कपाट बघणारी.

*

आमच्या अमानतीची पद्धत साधी आहे. कपाट लोखंडी, काउंटरमागच्या भिंतीत बसवलेलं. किल्ल्या दोन, एक अप्पांकडे आणि एक माझ्याकडे. पाहुण्यानं आपल्या वस्तू फडक्यात स्वतःच्या हातानं बांधायच्या. गाठीत नंबरची चिठ्ठी अडकवायची, त्याच नंबरची दुसरी चिठ्ठी आपल्या खिशात ठेवायची. वहीत फक्त नाव आणि नंबर लिहायचा. आत काय आहे ते आम्ही विचारत नाही. आणि ज्यानं गाठ बांधली त्यानंच ती सोडायची.

हा शेवटचा नियम पुस्तकी नाही. मी दहावीत होते तेव्हा एका पाहुणीनं मंदिरातून निरोप धाडला की गाठोड्यात तिच्या बीपीच्या गोळ्या राहिल्यात, काढून पाठवा. आईनं गाठ सोडली, गोळ्या पाठवल्या, गाठ पुन्हा बांधली. संध्याकाळी त्या बाईचे झुमके सापडेनात. दुसऱ्या दिवशी आई सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून होती. झुमके नंतर त्या बाईच्याच पर्सच्या अस्तरात निघाले. माफी मागायला मात्र कुणी आलं नाही. आईनं पुन्हा त्या कपाटाच्या किल्लीला हात लावला नाही, आणि चार वर्षांनी ती गेली. तेव्हापासून कुणाच्या गाठीला मी नखही लावत नाही.

रामहरीला हे मी तिसऱ्या की चौथ्या खेपेला सांगितलं. तोपर्यंत तो दर पंधरा दिवसांनी यायला लागला होता. औंढा, परळी, पोखर्णी आणि मुक्काम पाथरी, म्हणजे आमच्याकडे. गाडीतून माणसं उतरली की तो सगळ्यांची फडकी गोळा करवून काउंटरसमोर रांग लावायचा. ज्यांना गाठ नीट येत नसे त्यांना शिकवायचा.

“ही आमची शेरडा-मेंढरांची गाठ,” त्यानं मलाही दाखवली. “जनावरानं कितीबी हिसका दिला तरी सुटनार न्हाई. पर मान्सानं ह्या येका टोकाला धरून ओढलं, की झालं… सुटली.”

“मग काय उपयोग? कुणीही सोडंल.”

“कुनीबी कशाला सोडंल? टोक कोन्तं ते ठाऊक पायजे न्हवं.”

आणि मग त्यानं टोक कोणतं ते मला दाखवलं. डावीकडचं, आखूड. मी ओढलं. गाठ इतकी अलगद सुटली की मी दचकलेच.

पुढच्या खेपेपासून तो स्वतःचीही अमानत ठेवू लागला. पहिल्यांदा एक चौकोनी पुडकं.

“काय आहे यात?”

“तुमी इचारत नसता ना?”

“इचारत नाही. पण भाजलेल्या शेंगांचा वास येतोय.”

“मंग वास घिऊ नका.”

“अमानतीच्या कपाटात खायचं ठेवत नाहीत, उंदीर लागतात.”

“असं? मंग इथंच खाऊन टाका. म्हंजे उंदरांचा सवालच न्हाई.”

असा तो होता. कधी टोपी ठेवायचा, “लय किमती हाय” म्हणून. कधी बंद पडलेलं घड्याळ. मी तोंड वाकडं करून वहीत नाव लिहायचे… आणि पंधरा दिवस त्या वहीचं तेवढंच पान उघडून बघायचे. सकाळी निघताना तो म्हणायचा, “येकदा तरी उघडून बघायचं, मॅडम. येवढं कोरडं ऱ्हाऊ नये मान्सानं.” मी म्हणायचे, “जन्मात नाही.” तो हसायचा. मला ते हसू आवडायचं, आणि आवडतंय हे त्याला कळू नये म्हणून मी आणखीच तुसडेपणा करायचे. आता वाटतं, कशासाठी केला एवढा आटापिटा!

*

दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या बारा खोल्यांच्या बारा किल्ल्या मी एका सुतळीत ओवून मनगटात अडकवून फिरत असे. रामहरीला त्या सुतळीचा भारी राग.

“बारा चाव्या आन येक सुतळी. येक दिस तुटंल, आन बारा खोल्यांचे पाव्हने बाहीर पायरीवर बसतील.”

“तुमची गाडी बघा तुमी. तिचा आरसा दोरीनं बांधलाय.”

“तो आरसा मागचं दावतो. मला मागचं काय करायचं? मी म्होरं बघून चालवतो… आन म्होरं पाथरी असती.”

असलं काही तो सहज बोलून जायचा आणि लगेच टायर बघायला वाकायचा. मला उत्तर सुचायचं तेव्हा तो गेलेला असायचा.

सुतळी खरंच तुटली. जिन्यावरच, त्याच्यासमोर. खण-खण-खण करत बाराही किल्ल्या पायऱ्यांवरून खाली गेल्या. आम्ही दोघं वाकलो. एक मी उचलायची, एक तो. शेवटची किल्ली खालच्या पायरीच्या फटीत अडकली होती. तिच्यावर दोघांचाही हात एकदमच पडला, आणि यावेळी अर्ध्या क्षणाहून जास्त वेळ कुणीच हात काढला नाही.

“बाराच हायत ना?” त्यानं हळूच विचारलं.

“बाराच.”

“परत मोजा.”

मी मोजल्या. त्यानं खांद्यावरच्या गमछ्याची एक किनार टर्रकन फाडली, तिच्यात बाराही किल्ल्या ओवल्या, त्याच्या त्या गाठीनं बांधल्या आणि माझ्या हातात दिल्या.

“हे तात्पुरतं हाय,” तो म्हणाला. “चांगलं काय ते मी बघतो.”

*

पौषातली सकाळ होती. धुक्यात त्याच्या गाडीचा एकच दिवा दिसत होता. माणसं आत बसून हात चोळत होती. अप्पा पूजेला बसले होते. तो काउंटरपाशी आला आणि त्यानं एक लहानसं गाठोडं पुढे केलं, ओंजळीत मावेल एवढं. पांढरं फडकं, त्याची ती गाठ. या वेळी तो हसत नव्हता.

“वहीत लिहा. कितवा नंबर आला?”

“एक्केचाळीस. कुणाच्या नावावर?”

“नाव मपलंच लिहा. वस्तू मपली न्हाई.”

“मग कुणाची?”

त्यानं एकदा बाहेर गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुमची. पर आधी नीट आइका. मी पंधरा दिसांनी यीन. तवर तुमी ही गाठ सोडून बगा. सोडलेली दिसली, तर मी अप्पांच्या पाया पडून तुमच्यासाठी बोलनार हाय. न्हाई सोडली… तर मला कळंल. मी पुन्हा हा इषय काढनार न्हाई. तुमाला तरास होईल असं कायबी करनार न्हाई.”

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. एवढे महिने ज्याची वाट पाहिली ते समोर येऊन उभं होतं, आणि मला सुचलं काय तर नियम.

“मी अमानत सोडत नाही. तुमाला माहीत आहे.”

“म्हून तर,” तो म्हणाला. “कुनाचीच सोडत न्हाई. मपली सोडली, तर मंग मला दुसऱ्या कशाचीच खात्री नको.”

“आणि अप्पा नाही म्हणाले तर?”

“त्ये मी बघतो. लाथाडलं तरी परत यीन. पर तुमच्या मनातलं ठाऊक नसताना त्यांच्यासमोर कोन्त्या तोंडानं उभा ऱ्हाऊ?”

हॉर्न वाजला. त्यानं चिठ्ठी खिशात टाकली आणि धुक्यात गेला. मी गाठोडं कपाटात ठेवलं, सर्वांत वरच्या फळीवर.

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. दुपारी अप्पा जरा आडवे झाले की मी कपाट उघडायचे आणि एक्केचाळीस नंबर हातात घ्यायचे. हलवलं की आत काहीतरी किणकिणायचं. पैंजण असतील? पण पैंजण एवढे जड नसतात. डावीकडचं आखूड टोक माझ्या चिमटीत यायचं. एक झटका… नुसता एक झटका द्यायचा होता. मी टोक सोडून द्यायचे आणि गाठोडं परत ठेवायचे.

मी स्वतःला सांगत होते की नियम म्हणजे नियम. आईला ज्या कपाटापायी बाकावर बसावं लागलं त्या कपाटाशी मी बेइमानी करणार नाही. ऐकायला किती छान वाटतं, नाही? पण खरं कारण ते नव्हतं. वस्तू माझी आहे असं तो स्वतःच्या तोंडानं सांगून गेला होता. मग कसली आली बेइमानी! मी घाबरले होते. आम्ही लिंगायत, ते धनगर. अप्पांनी कधी कुणाची जात काढली नव्हती, पण आमच्या घरातली एकही सोयरीक बाहेर झालेली नव्हती. गाठ सुटली की अप्पांसमोर बोलणं होणार, आणि मग मी कुणाच्या बाजूला उभी राहणार हे मला सांगावं लागणार. गाठ बांधलेली राहिली की काहीच सांगावं लागत नव्हतं. त्या पंधरा दिवसांत मी नियमाच्या आड लपून बसले होते, दुसरं काही नाही.

तेराव्या दिवशी मी एक तोड काढली. मला ती फार हुशारीची वाटली. गाठ त्याच्यासमोर सोडायची! तो चिठ्ठी पुढे करेल, मी गाठोडं काउंटरवर ठेवेन, आणि त्याच्या डोळ्यांत बघत ते डावीकडचं टोक ओढेन. नियमही राहील आणि उत्तरही जाईल. मी मोरपंखी ड्रेस इस्त्री करून ठेवला. आरशासमोर सुतळीला तशी गाठ मारून दोन-तीनदा ओढूनही पाहिली.

*

गाडी नेहमी संध्याकाळी सहाला यायची. त्या दिवशी ती पावणेपाचलाच आली.

मी वर नऊ नंबरमधल्या आजीबाईंना गरम पाणी द्यायला गेले होते. हॉर्न ऐकला. मी निघाले तर आजीबाई म्हणाल्या, “माय, येक घोंगडी दे की, थंडी वाजायली.” मी घोंगडी काढून दिली. मग त्या म्हणाल्या, पायावर टाक. मी टाकली. मोजून तीन-चार मिनिटं गेली असतील.

जिन्याच्या वळणावर मला अप्पांचा आवाज ऐकू आला. मोठा, खूश आवाज.

“हे घ्या रामहरी, एक्केचाळीस नंबर. बगा, जशीच्या तशी हाय. आमच्या महेश्वरीनं पंधरा दिसांत गाठीला नख बी लावलं न्हाई!”

मी तिथेच थांबले. खाली काउंटरसमोर सतरा माणसं फडकी घेऊन उभी होती. अप्पांच्या हातात त्यांची किल्ली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, देवाशपथ सांगते, माझ्याबद्दलचा एवढा अभिमान मी कधी पाहिला नव्हता. रामहरीच्या तळहातावर ते गाठोडं होतं. तो गाठीकडे बघत होता.

“हाव अप्पा,” तो म्हणाला. “दिसायलंय.”

मग त्यानं वर पाहिलं. मी मोरपंखी ड्रेसमध्ये जिन्यात उभी. मला ओरडायचं होतं… थांबा, मी आज सोडणार होते, आत्ता, तुमच्यासमोर. ओठ उघडलेसुद्धा. पण अप्पा माझ्याकडे बघून हसत होते.

रामहरीनं गाठोडं खिशात घातलं.

“एक्केचाळीस, मॅडम,” तो म्हणाला. “वहीतून नाव काटा.”

मी खाली आले. वही ओढली. आणि काटलं.

वेळ नव्हता असं मी म्हणणार नाही. अख्खी संध्याकाळ होती. तो पंगतीत वाढत होता, आश्रुबामामांची थट्टा करत होता, मला “मॅडम, पाणी येतंय का वर?” असं विचारतही होता. बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यानं शब्द दिला होता आणि तो पाळत होता. मी वाट बघत राहिले की त्यानं पुन्हा एकदा विचारावं. ज्यानं पुन्हा विचारणार नाही म्हणून आधीच सांगितलं होतं, त्यानं! माझ्यासारखी शहाणी मीच.

पंधरा दिवसांनी गाडी आली, पण चालवायला दुसराच माणूस होता, सिताराम नावाचा. “रामहरी आता नांदेडकडच्या ट्रिपा करतो,” त्यानं सांगितलं.

महिनाभरानं मी मुक्कामाच्या रजिस्टरमधून रामहरीचा फोन नंबर काढला आणि फोन लावला. तीन वेळा लावून कट केला. चौथ्या वेळी त्यानं उचलला.

“बोला, मॅडम.”

त्याच्या मागे वाहनांचा आवाज होता. मी डोळे मिटले.

“तुमच्या… तुमच्या एका पाहुण्याचा टॉवेल राहिलाय इथं. निळा.”

त्याच्या गाडीचं दार लागलं, मागचा आवाज कमी झाला.

“येवढंच व्हय?”

“हो… एवढंच.”

“मंग ठिवा तुमच्याकडं. न्हाईतर कुनाला तरी दिऊन टाका,” तो म्हणाला, आणि फोन ठेवायच्या आधी, “बऱ्या हाव ना?” असं विचारलं. मी हो म्हटलं. टॉवेल-बिवेल काही राहिलेला नव्हता.

त्या उन्हाळ्यात उदगीरचं एक स्थळ आलं होतं, ते मी नाकारलं. अप्पांनी कारण विचारलं नाही. एका दुपारी मात्र, पाटीवरची धूळ पुसता पुसता, ते आपणहून म्हणाले, “तो बोरीचा रामहरी यायचा बंद झाला. मला वाटलं होतं, येक दिवस काहीतरी इचारील तो मला.”

मी हातातला झाडू भिंतीला टेकवला.

“इचारलं असतं तर तुमी काय म्हणाला असता, अप्पा?”

ते बराच वेळ आईच्या नावावरून फडकं फिरवत राहिले.

“लगेच हाव म्हन्लो नसतो,” ते म्हणाले. “पर हाकलून बी दिलं नसतं, बाई.”

*

याला आता दोन वर्षं झाली. परवाच्या श्रावणात एसटीनं दोन बाया आल्या. एक म्हातारी, तिला पायऱ्या चढवेनात म्हणून ती बाकावरच टेकली. दुसरी माझ्याहून लहान, हिरव्या लुगड्यातली, बडबडी. डोक्यावरचा पदर सावरत तिनं विचारलं, “अमानतीचं कपाट इथंच हाय ना?”

“इथंच. नाव सांगा.”

“दैवशाला रामहरी. गाव बोरी. ह्या मपल्या सासूबाई, कासाबाई. ह्ये गाडी घिऊन परळीला गेल्यात, उद्या न्यायला येनार हायत आमाला, मंदिरापाशी.”

मी नाव लिहिलं. अक्षर नीट आलं, याचं मला नवल वाटलं.

तिनं काउंटरवर पांढरं फडकं पसरलं. कानातलं काढलं, बोरमाळ काढली. मग कमरेला हात घालून एक चांदीचा छल्ला काढला आणि ठक्कन फडक्यावर ठेवला. जुन्या बायका कमरेला किल्ल्यांसाठी अडकवतात तसा, पण चांगला रुंद, वर वेलबुट्टी, आणि खाली ओळीनं लोंबणारे आकडे. त्यातल्या एकाच आकड्यात एक किल्ली होती. बाकीचे एकमेकांवर आपटून किणकिणले.

तो आवाज मी ओळखला.

“लय भारी हाय ना?” दैवशाला म्हणाली. “लग्नाच्या आधीच करून घितला हुता म्हनं ह्यांनी, जिंतूरच्या सोनाराकडून. पर येवढे आकडे कामून केलेत द्येव जाने. आमच्या घरात येकच कुलूप! मी इचारलं तर नुस्तं हासत्यात. बारा हायत… मी मोजलेत.”

मला मोजायची गरज नव्हती. तरी मी मोजले. माझ्या मनगटात गमछ्याच्या किनारीत ओवलेल्या बारा किल्ल्या होत्या. तात्पुरत्या. मी तो हात काउंटरखाली घेतला.

“बांधा,” मी म्हटलं. “गाठ तुमच्याच हातानं मारा.”

तिनं मारली. तीच गाठ. डावीकडचं टोक आखूड.

त्या दोघी मंदिरात गेल्या आणि मी दुपारभर कपाटासमोर बसून राहिले. अप्पा आडवे झाले होते. गाठ कशी सोडायची ते मला ठाऊक होतं. एकदा, फक्त एकदा, त्या आकड्यांत माझ्या किल्ल्या अडकवून बघायच्या होत्या, आवाज कसा येतो तेवढं ऐकायचं होतं. पण आता ती वस्तू खरोखरच दुसऱ्या कुणाची होती. जेव्हा सोडायची तेव्हा सोडली नाही, आणि आता सोडण्याचा हक्क राहिला नाही. मी कपाटाला हात लावला नाही. पोटभर रडले मात्र. पत्र्यावर पाऊस वाजत होता, म्हणून अप्पांना ऐकू गेलं नसावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दैवशालानं चिठ्ठी पुढे केली. मी गाठोडं काउंटरवर ठेवलं.

“गाठ बघून घ्या.”

ती मोकळं हसली.

“बगायचं काय त्यात? ह्यांनीच सांगून धाडलंय… पाथरीत बिनघोर ठिव, तिथली गाठ कुनी सोडत न्हाई.”

तिनं टोक ओढलं, छल्ला कमरेला अडकवला आणि सासूचा हात धरून पायऱ्या उतरली. रिकामे आकडे वळणापर्यंत ऐकू येत राहिले. मग मी वही ओढली आणि नाव काटलं.